सीमाभागातील जुनी मराठी संकेतस्थळे सोप्या ब्लॉगसेवेवर हलवावीत

प्रति,
माननीय संपादक,

विषय : हौशी लेखकांची जुनी संकेतस्थळे वेळेत हलवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी सत्तावीस वर्षे मराठी शिकवले. २००२ पासून माझे स्वतःचे एक संकेतस्थळ आहे. जांबोटी, कणकुंबी या बाजूच्या बायकांकडून ऐकून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, आपल्याकडच्या बोलीतील शब्दांची टिपणे आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील साहित्य संमेलनांना जाऊन आल्यावर मी लिहून ठेवलेली वृत्ते, एवढाच त्याचा पसारा आहे. मोजून ४१२ पाने. गेल्या आषाढापासून दिवाळीपर्यंत खपून ती सगळी पाने मी भाड्याच्या सर्व्हरवरून एका साध्या ब्लॉगसेवेवर हलवली. या कामात जे शिकायला मिळाले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते, कारण माझ्यासारखी दहा-वीस वर्षांपूर्वी संकेतस्थळ सुरू केलेली आणि आज त्याची देखभाल करणारे जवळ कोणी न उरलेली बरीच माणसे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मी स्वतः पाहते आहे. त्यांतल्या काहींची स्थळे गेल्या चार-पाच वर्षांत गुपचूप बंद पडली, आणि त्यांवरचे लेखन दुसरीकडे कोठेही नव्हते.

माझे स्थळ भाच्याने उभे केले होते. तो तेव्हा बेळगावात अभियांत्रिकी शिकत होता आणि टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसून त्याने पहिली पाने चढवली. त्या काळी मराठी लिहायचे म्हणजे एखादा फाँट निवडायचा आणि त्या फाँटच्या कळफलकाप्रमाणे टंकायचे. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असत. वाचणाऱ्याकडे तोच फाँट नसेल तर त्याला निव्वळ अक्षरांचा चुरा दिसायचा, म्हणून पहिल्याच पानावर 'आधी फाँट उतरवून घ्या' अशी सूचना द्यावी लागे. मोठमोठ्या मराठी वृत्तपत्रांच्या स्थळांवरही त्या दिवसांत हीच सूचना असे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, परंतु घरोघरच्या संगणकांवर ती सहजपणे वापरता येऊ लागली ती विंडोज एक्सपी रुळल्यावर. मी स्वतः युनिकोडकडे वळले ती 'बरह' या प्रणालीमुळे. कन्नड लिहिण्यासाठी तयार झालेली आणि तेव्हा मोफत मिळणारी ही प्रणाली देवनागरीही तितक्याच नेटकेपणाने लिहू देत असे, आणि सीमाभागातल्या अनेक मराठी माणसांनी संगणकावरची पहिली शुद्ध मराठी ओळ तिच्यात लिहिली, याची कृतज्ञ नोंद येथे करायला हवी.

पुढे २०१० मध्ये भाच्याने एका कंपनीकडे सर्व्हरवर जागा घेऊन त्यावर वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली बसवून दिली. नवीन लेखन युनिकोडमध्ये तेथे जाऊ लागले, आणि फाँटमधली जुनी १६० पाने 'नंतर बघू' म्हणून तशीच एका बाजूला राहिली. भाचा पुण्याला गेला, तेथून परदेशी गेला. स्थळ चालू होते, त्यामुळे त्याच्या आत काय काय जुने होत चालले आहे याची मला कल्पना नव्हती.

स्वतःच्या सर्व्हरवरचे स्थळ म्हणजे लेखनाखेरीज आणखी पाच-सहा गोष्टींची जबाबदारी असते. लेखन ज्यात साठते तो डेटाबेस, पाने तयार करणारी पीएचपी ही भाषा, खुद्द वर्डप्रेस, त्याला जोडलेली प्लगइन म्हणजे छोटी पूरक साधने, पानांची मांडणी ठरवणारी थीम आणि सुरक्षा प्रमाणपत्र, या प्रत्येकाची आवृत्ती ठरावीक काळाने बदलते आणि एक बदलली की दुसरी अडते. पीएचपीच्या ५.६ या आवृत्तीची देखभाल २०१८ च्या अखेरीस थांबली. त्याच वर्षी जुलैपासून क्रोम हा ब्राउझर प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक स्थळापुढे 'असुरक्षित' असा शेरा दाखवू लागला. ज्या माणसाला ओव्यांच्या अर्थाविषयी टीप लिहायची आहे त्याने हे सगळे सांभाळत बसावे, ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे.

गेल्या वर्षी वैशाखात सर्व्हरवाल्या कंपनीने आपल्याकडची यंत्रणा बदलली आणि माझे स्थळ कोरे दिसू लागले. तक्रार केल्यावर पाने परत आली, पण मराठीचे एकही अक्षर नव्हते. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापुढे चलनाचे गोल चिन्ह आणि आणखी एखादी खूण, अशा ओळीच्या ओळी. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बायकांनी मला ओव्या सांगितल्या त्यांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत, आणि माझ्या मूळ वह्यांपैकी दोन २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरून भिजल्या होत्या.

येथे मला मुद्दाम थांबून सांगायचे आहे, कारण हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. असा कचरा दिसला म्हणजे लेखन नष्ट झालेले नसते. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. मजकूर कोणत्या पद्धतीने साठवला आहे हे सांगणारे लेबल डेटाबेसवर चुकीचे लागले की यंत्र ते तीन बाइट तीन निरनिराळी युरोपीय अक्षरे समजून दाखवते. लेबल दुरुस्त केले की मजकूर जसाच्या तसा परत येतो. मात्र घाबरून तीच पाने उघडून पुन्हा जतन केली, तर चुकीच्या वाचनाचीच पक्की नोंद होते आणि दुरुस्ती फार कठीण होते. मी सुदैवाने कशालाही हात लावला नव्हता. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता बेंगळूरूला याच क्षेत्रात काम करते, तिने डेटाबेसची प्रत काढून दोन रविवारांत सगळा मजकूर सोडवून दिला आणि मग फोनवर म्हणाली, "बाई, हे आता इथं ठेवू नका. तुम्हाला एकट्याला चालवता येईल अशा ठिकाणी न्या." मी तिचे ऐकले.

ब्लॉगसेवेवर वर सांगितलेली सगळी जबाबदारी सेवा पुरवणाऱ्याची असते. आपण लिहायचे आणि प्रसिद्ध करायचे. सोडावे लागले ते इतकेच, की मांडणी हवी तशी करता येत नाही आणि शब्दसूचीचे जे अकारविल्हे पान भाच्याने कष्टाने बनवले होते ते आता साध्या यादीच्या रूपात आहे. त्याचे मला वाईट वाटले. पण वाचणाऱ्याचे काही अडले नाही. कोणती सेवा निवडली ते येथे लिहीत नाही, कारण मला कोणाची जाहिरात करायची नाही. निवडताना मी इतकेच पाहिले, की सगळे लेखन एका फायलीत बाहेर काढून घेता येते का आणि स्वतःचा पत्ता तेथे लावता येतो का.

खरा वेळ गेला तो फाँटमधल्या १६० पानांवर. फाँट बदलून युनिकोड करून देणाऱ्या प्रणाली मोफत मिळतात, त्यामुळे हे काम दिवसाभराचे आहे असे वाटते. तसे ते नाही. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी, टंकली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट आहे, तो जुन्या फाँटांत अक्षरानंतर टंकत आणि युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी यावा लागतो. रूपांतर करणारी प्रणाली साध्या शब्दांत ही अदलाबदल बिनचूक करते, पण जोडाक्षर आले की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. 'सूर्य', 'कार्तिक', 'भक्तिभाव', 'पंक्तिभेद' यांसारखे शब्द मी एकेक करून तपासले. मराठीचा म्हणून ज्याचा अभिमान धरावा तो 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र तर आणखी घोटाळ्याचा आहे. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, आणि शोध घेताना मात्र एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्याला सापडेलच असे नाही. सगळीकडे एकच प्रकार ठेवावा, हा धडा मी दोनशे दुरुस्त्या केल्यानंतर शिकले. ज्यांच्याकडे अजून फाँटमधले लेखन पडून आहे त्यांनी आधी त्या फाँटची फाइल सुरक्षित ठेवावी. फाँट हरवला तर पुढच्या माणसाला मूळ पान वाचताही येणार नाही, मग ताडून पाहणे दूरच.

बोलीच्या बाबतीत प्रणाली काही मदत करत नाही, उलट बिघडवते. आपल्याकडे 'पण' या अर्थाने 'खरं' म्हणतात, हे पुण्याच्या शुद्धलेखन-तपासनीसाला कोठून कळणार? आपोआप दुरुस्ती बंद ठेवूनच हे काम करावे. आणि एक बारीकसे. काही थीममध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. सेटिंगमध्ये पानाची भाषा हिंदीऐवजी मराठी केली, तर बऱ्याच फाँटांत ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. जेथे मराठी पाटीसाठीही झगडावे लागते तेथे मला हे क्षुल्लक वाटत नाही.

त्यानंतरचे महत्त्वाचे काम पानांच्या पत्त्यांचे. माझ्या काही पानांचे पत्ते विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत, एका ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत आणि कितीतरी लोकांच्या लेखांत छापले गेले आहेत. छापील पत्ता दुरुस्त करता येत नाही. म्हणून दोनशे पानी वही आखून मी डावीकडे प्रत्येक पानाचा जुना पत्ता आणि उजवीकडे नवा पत्ता लिहिला, आणि जुन्यावर आलेल्या वाचकाला नव्या पानावर नेण्याची जी सोय सेवेच्या सेटिंगमध्ये असते तीत त्या जोड्या एकेक करून भरल्या. मराठी लेखकाने येथे विशेष जपावे. गुगलच्या ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर मथळा केवळ देवनागरीत असेल तर पत्त्यात मथळ्याऐवजी 'ब्लॉग-पोस्ट' हे शब्द आणि पुढे एखादा आकडा येतो. वर्डप्रेसमध्ये मथळा देवनागरीतच पत्त्यात जातो, पण तेथे एकेका चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि पत्त्याच्या या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा असल्यामुळे साधारण बावीस चिन्हांनंतर मथळा मध्येच तुटतो. यावर उपाय एकच. प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याचा भाग रोमन लिपीत, लहान आणि अर्थ कळेल असा स्वतः लिहावा. लेखाची मूळ तारीखही त्याच वेळी घालावी, नाहीतर सगळे जुने लेखन आजचे दिसते. आपल्या भागात तारखेला फार अर्थ आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. त्याआधीच्या लेखात कोणते नाव का वापरले आहे हे तारखेवाचून पुढच्या पिढीला समजणार नाही.

आता ज्याविषयी मला सर्वाधिक कळकळ आहे ते सांगते. सोपी सेवा घ्यावी, पण नाव स्वतःचे ठेवावे. सेवा जो फुकटचा पत्ता देते तो आपला नसतो. याहूची जिओसिटीज ही सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली तेव्हा जगभरातल्या लाखो लोकांची घरगुती पाने एका दिवसात नाहीशी झाली. त्यांतली काही आज पाहता येतात ती इंटरनेट अर्काइव्ह या जुनी पाने जपणाऱ्या संस्थेने आणि काही स्वयंसेवकांनी धावपळ करून प्रती काढून ठेवल्या म्हणून. भारतातल्या ब्लॉगांसाठी गुगल जो 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' हा पत्ता वापरत असे तो २०२० मध्ये गुगलच्या हातून गेला, आणि ज्या पुस्तकांत व लेखांत तो पत्ता दिला होता तेथून ब्लॉगवर पोहोचण्याची वाट तुटली. ब्लॉग मात्र जागेवरच होते. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडते, तर वर्षाला हजार-बाराशे रुपये भरून स्वतःचे नाव नोंदवून ठेवणे हा वायफळ खर्च नव्हे. उद्या ही सेवा बंद झाली तर तेच नाव दुसऱ्या सेवेला जोडता येते आणि वाचकाला फरक कळतही नाही.

ही नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या ई-मेलवर आहे तेही आजच पाहून घ्यावे. माझी भाच्याच्या विद्यार्थिदशेतल्या ई-मेलवर होती, आणि तो पत्ता न वापरल्याने केव्हाच बंद झाला होता. मुदत संपल्याची सूचना तेथेच जात राहिली. ओळखपत्रे पाठवून, पत्रे लिहून नाव माझ्याकडे यायला सात आठवडे लागले. त्या काळात दुसऱ्या कोणी ते घेतले असते तर काही करता आले नसते. आता नोंदणी माझ्या नावावर आहे आणि एका वेळी जास्तीत जास्त जितकी मुदत मिळते ती, म्हणजे दहा वर्षांची, मी भरली आहे.

प्रत काढून ठेवण्याविषयी सगळेच सांगतात, त्यामुळे थोडक्यात लिहिते. दर महिन्याच्या एक तारखेला मी सेवेतून संपूर्ण लेखनाची फाइल उतरवून घेते. एक पेनड्राइव्ह माझ्याकडे आणि दुसरा शहापूरला बहिणीकडे असतो. ओव्यांचे ध्वनिमुद्रण, जे ब्लॉगसेवेवर थेट ठेवता येत नव्हते, ते मी इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य चढवले आणि त्या त्या पानावरून तेथे दुवा दिला. जिने ओवी म्हटली तिच्या घरच्यांना विचारूनच, हे सांगायला नको.

माझ्या वयाच्या लेखकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, आणि तो करताना संकोच वाटू नये. आपल्यानंतर हे कोण उघडणार? सलग दोन वर्षे वापर नसलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. त्याच गुगलमध्ये, खाते ठरावीक काळ निष्क्रिय राहिले तर कोणाला कळवायचे आणि कोणती माहिती द्यायची, हे आधीच नेमून ठेवण्याची सोय बरीच वर्षे आहे, पण ती वापरलेला मनुष्य माझ्या ओळखीत एकही नव्हता. मी त्या विद्यार्थिनीचे नाव नेमले आहे आणि ब्लॉगवर तिला माझ्या बरोबरीचे अधिकार दिले आहेत. सर्व्हरवरचे जुने स्थळ तिच्या हवाली केले असते तर तो तिच्यावर बोजा झाला असता. आताचे तिला मोबाइलवरूनही पाहता येते.

काही स्नेही विचारतात, की हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा फेसबुकवर टाकले तर काय बिघडते? तेथे वाचक भेटतात हे खरे आहे आणि मीही तेथे लिहिते. परंतु सहा वर्षांपूर्वी तेथे लिहिलेली ओवी आज मलाच सापडत नाही, आणि ज्याचे तेथे खाते नाही त्याला ती धड वाचता येत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती आहे, की लेखकाच्या संकेतस्थळाचा उल्लेख करताना लेखकाने स्वतः नोंदवलेला पत्ता छापावा. ज्या बेळगावात १९४६ च्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, त्या बेळगावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या संमेलनांच्या संयोजकांनी पुस्तकांच्या दालनाशेजारी एक टेबल या कामासाठी ठेवावे, तेथे संगणक जाणणारी दोन मुले बसवावीत आणि ज्याला हवे त्याच्या लेखनाची प्रत त्याच्याच पेनड्राइव्हवर काढून द्यावी. या भागातल्या मराठीसाठी सरकारी ग्रंथालये व विद्यापीठे फारसे काही करतील अशी आशा मी धरत नाही. पण आपल्या गावोगावच्या वाचनालयांत एखाद्या कपाटाच्या खणात अशा प्रती सहज राहतील. येत्या हंगामात कोणत्याही संमेलनाने बोलावले तर मी स्वतः त्या टेबलापाशी दिवसभर बसायला तयार आहे. माझी जुन्या-नव्या पत्त्यांची वही आणि वेलांटी-रफारांच्या चुकांची यादी मी बरोबर आणीन.

एक मदत मलाही हवी आहे. जुन्या फाँटमधून काढलेल्या ओव्यांपैकी अकरा ठिकाणी शब्द लागत नाहीत. भिजलेल्या वह्यांत नेमकी तीच पाने विरघळली आहेत आणि ध्वनिमुद्रण तेव्हा केलेले नव्हते. त्या सगळ्या ओव्या भातलावणीनंतरच्या दिवसांतल्या, माहेरच्या वाटेच्या, कणकुंबी ते जांबोटी या पट्ट्यातल्या आहेत. नव्या स्थळावर त्या जागा मी मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या बाजूच्या कोणा वाचकाच्या घरी आजी किंवा आत्या अजून या ओव्या म्हणत असतील, तर त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावे. मी बस पकडून येईन आणि या वेळी ध्वनिमुद्रण-यंत्र बरोबर असेल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
वडगाव, बेळगाव